जागतिक विकासाची डॉक्टरेट आणि जातीचा प्रश्न

युरोप-अमेरिकेतील काही विद्यापीठांतून आता 'जागतिक विकास' या नावाने आंतरविद्याशाखीय डॉक्टरेट मिळते. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मानववंशशास्त्र या सर्वांना एकत्र आणून दारिद्र्याचा आणि विषमतेचा अभ्यास करावयाचा, अशी तिची प्रतिज्ञा असते. आमच्या वस्त्यांतून वर आलेली काही मुले-मुली या वाटेने जाऊ लागली आहेत आणि आणखी पुष्कळांच्या मनात ते आहे. म्हणून या शास्त्राची तपासणी आपण आपल्या बाजूने केली पाहिजे, असे मला वाटते. ती पदवीच्या मोहाने करू नये आणि परदेशाच्या द्वेषानेही करू नये.

हे शास्त्र फार जुने नाही. २० जानेवारी १९४९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी पदग्रहणाच्या भाषणात जगातील अविकसित प्रदेशांना मदतीची घोषणा केली आणि अर्धे जग एका दिवसात 'अविकसित' ठरले. १९५२ साली हेगला, १९६६ साली ससेक्सला या अभ्यासाच्या संस्था निघाल्या. वसाहती सुटल्या, वसाहतींविषयीचे ज्ञान मात्र बरेचसे तेथेच राहिले. आरंभी हा सगळा मामला अर्थशास्त्रज्ञांचा होता. केवळ उत्पन्नाच्या आकड्यांनी माणसाची दैना कळत नाही हे ध्यानात आल्यावर इतर शास्त्रे बोलावली गेली. ही कबुली प्रामाणिक आहे आणि तिचे श्रेय आपण दिले पाहिजे.

पण सगळी शास्त्रे एका मांडवाखाली आली तरी आमचा प्रश्न कोणाच्या पंगतीला बसला? अर्थशास्त्रज्ञ म्हणतो, जात ही समाजशास्त्राची बाब. समाजशास्त्रज्ञ ती मानववंशशास्त्राकडे धाडतो, आणि तो ती हिंदू धर्माच्या अभ्यासकाच्या हवाली करतो. कचेरीत गेलेल्या गरजवंताला या टेबलावरून त्या टेबलावर फिरवावे, तसे हे चालते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली १७ विकास-उद्दिष्टे आणि त्यांखाली १६९ लक्ष्ये ठरविली. विषमतेसंबंधीच्या दहाव्या उद्दिष्टात वय, लिंग, अपंगत्व, वंश, मूळ, धर्म, आर्थिक स्थिती हे सर्व शब्द आहेत, जात नाही. हे काही विसराळूपणाने घडत नाही. २००१ च्या डर्बन परिषदेत जातीचा प्रश्न येऊ नये, अशीच भारत सरकारची भूमिका होती. डेव्हिड मोस या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने २०१८ साली 'वर्ल्ड डेव्हलपमेंट' या नियतकालिकात याची चर्चा केली आहे. जातीला एकीकडे धर्माच्या आणि दुसरीकडे भारताच्या घरगुती मामल्याच्या कुंपणात कोंडल्यामुळे ती विकासाच्या धोरणातून निसटते, असे त्यांचे म्हणणे आहे. आमच्या लोकांनी हे पूर्वीच सांगितले होते; पण ते योग्य त्या नियतकालिकात सांगितलेले नव्हते!

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन पुन्हा वाचावे. ते प्रेरणेसाठी तर नेहमीच वाचले जाते; मी म्हणतो ते पद्धतीसाठी. सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद अशी सांगितली जाते : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३. 'आंतरविद्याशाखीय' हे बिरुद त्या काळी कोणी लावीत नव्हते.

९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. परंतु विद्यापीठाने पीएच.डी. दिली ती ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थकारणावरील प्रबंधाला. तो १९२५ साली सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह छापला गेला आणि पदवी हाती पडली १९२७ साली. म्हणजे विद्यापीठाच्या लेखी अर्थकारण हा पदवीचा विषय आणि जात हा सत्रातल्या एका दुपारचा. आम्ही काय केले? आम्ही उलट केले. जातीवरचा निबंध डोक्यावर घेतला आणि अर्थकारणाचे ग्रंथ कपाटात ठेवले. या दोन्ही वाचनांनी बाबासाहेबांचे दोन तुकडे केले, असे मी म्हणेन.

निबंध नीट वाचला तर हे तुकडे टिकत नाहीत. 'भारतातील जाती'मध्ये बाबासाहेब अंतर्विवाहाचा हिशेब मांडतात. जातीच्या आत स्त्री-पुरुषांची संख्या बरोबरीची राहिली, तरच जात बंद राहू शकते. नवरा मेला की बाई शिल्लक उरते. बायको मेली की पुरुष शिल्लक उरतो. या शिल्लक माणसाचे काय करायचे, हा जातीपुढचा प्रश्न. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही त्याची उत्तरे. पुढे त्यांच्यावर धर्माची झूल चढली. आता १९१८ सालचा लहान शेतीवरचा निबंध घ्या. तुकडा लहान की मोठा हे एकरांवर ठरत नाही. त्यावर लागणारे बैल, अवजारे, भांडवल आणि हात यांच्या प्रमाणावर ठरते, असे ते तेथे सांगतात. शेतीवर बसून खाणारे पण उत्पन्नात भर न घालणारे हात शिल्लक आहेत, त्यांना उद्योगात न्या. नुसते तुकडे जोडून भागणार नाही. आर्थर लुईस यांनी शेतीतील वाढीव श्रमाचा सिद्धांत मांडला तो १९५४ साली. दोन वर्षांच्या अंतराने लिहिलेले हे दोन निबंध, एक मानववंशशास्त्राच्या खात्यातला आणि एक अर्थशास्त्राच्या. पण दोन्हींत विचार करणारे डोके एकच आहे. व्यवस्था कोणाला 'शिल्लक' ठरविते आणि त्याची विल्हेवाट कशी लावते, हाच त्याचा शोध आहे. आंतरविद्याशाखीयता म्हणायची असेल तर याला म्हणावे. चार विभागांचे चार मार्गदर्शक नेमले म्हणजे ती येत नाही.

प्रांतिक अर्थकारणाचा ग्रंथ तर याहून बोलका आहे. करांचे आणि अंदाजपत्रकांचे कोरडे प्रकरण संपवीत आणल्यावर बाबासाहेब विचारतात की हे सरकार प्रगती का घडवू शकत नाही. त्यांच्या उत्तरात, जातिव्यवस्थेला हात लावण्याची हिंमत नसणे आणि चहामळेवाल्यांवर कर बसविण्याची हिंमत नसणे, या दोन गोष्टी एकाच दमात येतात. जात आणि चहाचा मळा एका वाक्यात! विकासशास्त्राच्या दृष्टीने हे आजही सोपे नाही.

तरीही एक मर्यादा सांगितली पाहिजे. लहान शेतीच्या निबंधात जातीला जवळजवळ जागा नाही. ज्याच्याजवळ तुकडाच नाही त्या महाराचे काय, हा प्रश्न तेथे उभा राहत नाही. तो उभा राहिला १९२८ साली, मुंबई कायदेमंडळात आणलेल्या वतनविषयक विधेयकात, आणि १९३७ च्या खोतीविरोधी विधेयकात. अर्थशास्त्राच्या तत्कालीन चौकटीत जे मावले नाही, ते बाबासाहेबांनी कायद्याच्या मसुद्यात लिहिले. भक्तिभावाने वाचणाऱ्यांना हे पटणार नाही; पण या चौकटीची ताकद केवढी असते ते यावरून कळते.

आजच्या विद्यार्थ्यापुढे ही चौकट पैशाच्या रूपाने येते. १९५४-५५ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीचे नियम केंद्र सरकारने २०२२ साली बदलले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक संशोधन हे विषय वगळले. असे विषय देशातच शिकता येतात, हे समर्थन. म्हणजे जातीमुळे जे मागे राहिले त्यांच्यासाठी काढलेल्या पैशावर जातीचाच अभ्यास करायचा नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितले होते की शेतसारा भरतो शूद्र शेतकरी आणि त्या पैशावर शिकतात वरच्या जातींची मुले. १४० वर्षांनी आमच्यातल्या काहींच्या हाती तो पैसा आला, तर त्यासोबत विषयांची यादी आली. मग तरुण काय करतो? हवामानबदल घेतो, आफ्रिकेतील एखादा देश घेतो, आणि तिसऱ्या प्रकरणात कोठेतरी जात दडवून नेतो. आफ्रिकेचा अभ्यास आमच्या मुलांनी जरूर करावा, मला त्याचा आनंदच आहे. पण तो आवडीने करावा, पळवाट म्हणून नव्हे.

दुसरी चौकट अधिक सभ्य आहे. ती प्रबंधाच्या आत असते. असे पुष्कळ प्रबंध चाळले तर त्यांत सिद्धांत येतो पॅरिसहून किंवा हार्वर्डहून, आणि आमची आत्मकथने येतात 'अनुभव' म्हणून, परिशिष्टातल्या मुलाखतींच्या शेजारी. १९७८ साली आलेल्या दया पवारांच्या 'बलुतं'चे उदाहरण घ्या. त्या पुस्तकाचे नावच मुळी एका आर्थिक व्यवस्थेचे नाव आहे. गावकी कामाचा मोबदला धान्याच्या वाट्याने, तोही मागून घ्यावा लागेल अशा रीतीने देणारी व्यवस्था. मजुरीच्या सिद्धांताला तेथे सामग्री आहे. तशी ती क्वचितच वाचली जाते. वेदना उद्धृत होते आणि विश्लेषण दुसऱ्याचे वापरले जाते. यात दलित विद्यार्थ्याची कुचंबणा दुहेरी आहे. तो लिहितो तेव्हा संशोधक असतो, पण सहाध्यायांच्या नजरेत तो स्वतःच 'फील्ड' असतो. तटस्थ राहा, हा सल्ला त्याला मिळतो. ब्राह्मणाने खेड्याचा अभ्यास केला तर त्याच्या तटस्थतेची चौकशी तितक्या आस्थेने होते, असा अनुभव नाही.

यातले काही प्रबंध चांगले आहेत. ते मराठीत येत नाहीत ही माझी तक्रार आहे. ज्या वस्तीत मुलाखती घेतल्या, तेथल्या माणसाला आपल्याविषयी काय लिहिले गेले ते वाचता येत नाही, त्यावर भांडताही येत नाही. परीक्षक हेगचा, वाचक बोस्टनचा, आणि आजीने सांगितलेली हकिकत इंग्रजीत. पदवी मिळविलेल्यांनी आपल्या प्रबंधातले एक तरी प्रकरण मराठीत लिहून अशा त्रैमासिकांकडे पाठवावे. ते गुळगुळीत नसले तरी चालेल. आकडे असू द्यावेत, कोष्टके असू द्यावीत. वस्तीवर आकडे समजणारी माणसे आहेत. रेशनच्या दुकानात रोज त्यांना तोच हिशेब करावा लागतो.