मिश्किनची फुलदाणी

अपस्मारावर लिहिणारे बहुतेक लेखक झटक्याचे वर्णन करतात. रोग्याचे दुःख मात्र त्यांच्या हातून निसटते. ह्याचे कारण त्या शब्दातच आहे. अपस्मार म्हणजे स्मृतीचा लोप. अंग ताठ होणे, तोंडाला फेस येणे, हे सारे भोवतीची माणसे पाहतात. ज्याच्यावर ते ओढवते त्याला त्यातले बहुधा काहीच आठवत नाही. शुद्धीवर आल्यावर इतरांच्या चेहऱ्यांवरून त्याला ते वाचून घ्यावे लागते. आमच्या मते ह्या व्याधीचे खरे क्लेश तेथून, दोन झटक्यांमधल्या दिवसांत, सुरू होतात.

दोस्तोव्हस्की स्वतः अपस्माराचा रोगी होता. त्याने हे जाणले होते. 'ईडियट' (१८६८-६९) ह्या त्याच्या कादंबरीत झटक्यापूर्वी मिश्किनला क्षणभर लाभणारा अलौकिक प्रकाश समीक्षकांस मोहवितो. आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो फुलदाणीचा प्रसंग. उद्याच्या मेजवानीत तुम्ही हातवारे करून आमची चिनी फुलदाणी फोडाल, असे अग्लाया त्याला उपरोधाने म्हणते. ते भय त्याच्या मनात घर करते. तो प्रथम दूर बसतो. पण बोलण्याच्या भरात फुलदाणी फुटतेच. यजमान क्षमा करतात. झटका येतो तो त्यानंतर. आधी भय, मग लाज, शेवटी व्याधी: हा क्रम रोग्याच्या मनाचा आहे, वैद्याच्या नोंदवहीचा नव्हे.

आपल्या घरांत ही फुलदाणी म्हणजे मुलीचे लग्न. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराला वेडाच्या झटक्यांच्या पंक्तीस बसविले; १९९९ मध्ये तो शब्द वगळण्यात आला. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही अपस्मार असाध्य रोग नव्हे, मनोविकारही नव्हे, असे सांगितले. योग्य उपचारांनी सुमारे ७० टक्के रोगी झटक्यांपासून मुक्त राहू शकतात. तरीही घरातली कुजबुज थांबत नाही. बदलीच्या गावी तर नात्यागोत्याचे कोणी नसल्यामुळे लपविणे सोपे जाते, आणि जिच्यासाठी लपवावयाचे तिचे एकटेपण दुणावते.

रायपुरात पंडरीच्या कापडबाजारात लग्नाचे बस्ते बांधले जातात. शालूंच्या घड्या उलगडत असता, गोळ्यांची डबी सासरी कोठे ठेवावी, ह्याच विचारात असलेली वधू मराठी कथाकाराने पाहावी. तिला झटका आणण्याची घाई मात्र त्याने करू नये. ती वाट पाहत आहे, एवढे त्याने नीट लिहिले तरी पुरे.