मानधनाचा प्रश्न आणि आपले वाङ्मय

लेखन कोठे पाठवावे आणि ते छापून आल्यास काही मानधन मिळते काय, हा प्रश्न आपल्या साहित्यमंडळांत बहुधा चहाच्या वेळी, आवाज थोडा खाली आणून विचारला जातो. व्यासपीठावरून तो सहसा कोणी विचारीत नाही. विचारलाच, तर साहित्याची सेवा सोडून हा पैशाचे काय बोलतो, अशा नजरेने त्याच्याकडे पाहिले जाते. आमच्या मते हा प्रश्न जितका व्यवहाराचा, तितकाच समीक्षेचा आहे. कोण लिहितो, काय लिहितो आणि काय लिहावयाचे राहून जाते, याचा उलगडा प्रतिभेच्या भाषेत पुरतेपणी होत नाही. त्यासाठी लेखकाच्या घरची चूल कशावर पेटते, हेही पाहावे लागते.

मुळात 'मानधन' हा शब्दच तपासून पाहावा. वेतन ठरलेले असते, मजुरी मागता येते, थकलेल्या भाड्यासाठी तगादा लावता येतो. मानधन मात्र देणाऱ्याच्या मर्जीचे. ते किती, केव्हा, आणि मिळणार की नाही, हे विचारणे हाच अविनय समजला जातो. मग शब्दातला 'मान' लेखकाच्या वाट्याला येतो आणि 'धन' अध्याहृत राहते. छापखान्याचे बिल, कागदाचे पैसे, टपालखर्च यांपैकी काहीही संपादकाला चुकवता येत नाही. ज्याच्यावाचून अंकच निघू शकत नाही, तो लेखक मात्र या साऱ्या हिशेबात एकटाच बिनपैशाचा.

याची मुळे आपल्या नियतकालिकांच्या इतिहासात आहेत. मराठीतील ख्रिस्ती नियतकालिके मिशनकार्यातून जन्मली. अहमदनगरला १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' निघाले ते अमेरिकन मराठी मिशनचे, आणि १९०३ मध्ये 'निरोप्या' सुरू केला तो येशूसंघीयांनी. लेखन हा तेथे प्रेषितकार्याचा भाग होता आणि लिहिणाऱ्यांपैकी अनेकांच्या निर्वाहाची सोय संस्थेने केलेली होती. त्याही मागे जावयाचे तर फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ च्या 'ख्रिस्तपुराणा'पर्यंत जाता येईल. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ ज्याने रचला, त्याच्या पोटाची चिंता त्याच्या संघाने वाहिली होती. वसईच्या 'सुवार्ता'चे दीर्घकाळ संपादन करणारे आणि २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हेही धर्मगुरूच होते. या थोरांच्या कार्याचे मोल यामुळे तिळमात्र कमी होत नाही. पण त्यांच्या उदाहरणावरून 'लेखन हे विनामूल्यच असावयाचे' असा जो नियम आपण काढला आहे, तो चुकीचा आहे. त्यांचे लेखन विनामूल्य नव्हते. त्याचे मूल्य दुसऱ्या मार्गाने चुकते केले गेले होते.

प्रापंचिक मराठी नियतकालिकांची वाट निराळी होती. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये 'मनोरंजन' काढले आणि १९०९ मध्ये मराठीतील पहिला दिवाळी अंक वाचकांच्या हाती दिला. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये निघालेल्या 'किर्लोस्कर खबर' या कारखान्याच्या पत्रकाचे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि 'स्त्री' (१९३०) व 'मनोहर' (१९३४) ही त्याची भावंडे आली. वर्गणीदार आणि जाहिरातदार असे दुहेरी उत्पन्न येऊ लागले, तसा लेखकाला काही देण्याचा विचार शक्य झाला. मराठी लघुकथा ज्या लांबीची आणि ज्या घाटाची झाली, तिच्यामागे मासिकाची पाने आणि मासिकाचा वाचक उभा आहे, ही गोष्ट आपली समीक्षा अजून मोकळेपणी मान्य करीत नाही.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. १९५५ च्या सुमारास 'शब्द' निघाले आणि पुढे लघु-अनियतकालिकांची चळवळ उभी राहिली. तिने बाजाराला नकार दिला, प्रतिष्ठित संपादकांनाही नकार दिला. १९६९ मध्ये 'सत्यकथे'च्या अंकाची होळीही झाली. या नियतकालिकांनी लेखकाला पैसे दिले नाहीत आणि तरीही मराठी कवितेची भाषा बदलून टाकली. मग पैशावाचून वाङ्मय अडते कोठे, असे कोणी म्हणेल. आम्ही एवढेच निदर्शनास आणू इच्छितो, की अरुण कोलटकर यांचा चरितार्थ जाहिरातक्षेत्रातील नोकरीवर चालत होता. त्यांच्या कवितेचे स्वातंत्र्य खरेच होते, पण त्याचे भाडे दुसरीकडून भरले जात होते. ज्याला अशी दुसरी नोकरी नाही त्याचे काय, याचे उत्तर अण्णा भाऊ साठे यांच्या आयुष्यात मिळते. 'फकिरा' (१९५९) लिहिणारा हा कादंबरीकार पुष्कळसा लेखणीवरच जगला, कादंबरीमागून कादंबरी लिहीत राहिला आणि १९६९ मध्ये, पन्नाशीही न गाठता, हलाखीत वारला. त्यांच्या काही लेखनात घाई दिसते, असे समीक्षक लिहितात. त्या घाईची किंमत कोणी ठरविली होती, हे मात्र लिहीत नाहीत.

आता आजची स्थिती. बाहेर राहून लिहिणाऱ्या मराठी लेखकाला मोबदला देणारी ठिकाणे मोजकी आहेत. बालभारतीचे 'किशोर' १९७१ पासून मुलांसाठी निघते आणि आपल्या लेखकांना मानधन देते. आकाशवाणी बोलावलेल्या वक्त्याशी रीतसर करार करून ठरलेली रक्कम देते. काही दैनिकांच्या रविवारच्या पुरवण्या देतात. रक्कम बेताची असते आणि पुष्कळदा ती मिळेपर्यंत लेखकाला लेखाचा विषयही आठवेनासा होतो. प्रतिष्ठित दिवाळी अंक देतात, परंतु त्यांची निमंत्रणे ठरलेल्या नावांना उन्हाळ्यातच गेलेली असतात. नवोदिताने गणपतीनंतर पाठविलेले लेखन बहुधा पुढच्या वर्षाच्या गठ्ठ्यात जाते. वाङ्मयीन त्रैमासिके अंकाची एक प्रत देतात आणि वर्गणीचे स्मरणपत्र सोबत जोडतात.

याखेरीज एक चौथा प्रकार अलीकडे फोफावला आहे, आणि त्याविषयी आपल्या तरुणांना सावध करणे आम्ही कर्तव्य समजतो. येथे लेखकाला काही मिळत नाही. त्याच्याकडूनच घेतले जाते. प्रातिनिधिक कवितासंग्रहात कविता हवी तर अमुक रक्कम, कथास्पर्धेत भाग घ्यावयाचा तर प्रवेशशुल्क, पुरस्कार हवा तर सोहळ्याचा खर्च. मानपत्र, शाल आणि छायाचित्र हातात पडते. वाचक मात्र मिळत नाही, कारण त्या पुस्तकाच्या प्रती बहुतांशी त्यातील कवीच विकत घेतात. जो प्रकाशक वाचकाऐवजी लेखकावर जगतो, त्याला लेखनाच्या दर्जाची गरज उरत नाही. आमच्या दृष्टीने हीच या व्यवहारावरची सर्वांत कठोर वाङ्मयीन टीका होय.

म्हणून लेखन पाठविण्यापूर्वी काही गोष्टी नम्रपणे पण लेखी विचाराव्यात : निर्णय किती दिवसांत कळेल, मानधन आहे काय व ते केव्हा मिळेल, आणि हक्क कोणाकडे राहतील. या शेवटच्या बाबतीत कायदा लेखकाच्या बाजूचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये नियतकालिकाच्या नोकरीत नसलेला लेखक हाच सामान्यतः आपल्या लेखनाचा पहिला मालक असतो. हक्क दुसऱ्याकडे द्यावयाचे तर लेखी व सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. हक्कासाठी नोंदणी सक्तीची नाही आणि तो लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षे टिकतो. आपल्या घरांत शेताचा सातबारा जपून ठेवतात. छापून आलेल्या लेखाचे संपादकाशी झालेले पत्र तसे कोणी जपत नाही.

हे सारे आम्ही घिवलीत बसून लिहीत आहोत, याला अर्थ आहे. घिवलीच्या शेजारी तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. त्याच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या आणि पुढच्या दोन २००५ व २००६ मध्ये. या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टी या गावांना आपली जागा सोडावी लागली. पलीकडे बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. किनाऱ्यावर मांगेला बांधवांची मासेमारी आहे आणि आत वारली पाडे आहेत. एवढ्या लहान पट्ट्यात देशाच्या अर्धशतकाचा इतिहास साठलेला असताना, त्यावर मराठीत सविस्तर, तपासून लिहिलेले, वाङ्मय म्हणून टिकेल असे लेखन किती सापडते? कविता सापडतात, कारण कविता रात्रपाळीनंतरही लिहिता येते. विस्थापितांच्या कहाणीला मात्र दिवस द्यावे लागतात.

असा एक लेख लिहावयाचा झाला तर काय लागते ते पाहू. बोईसरहून पालघरच्या जिल्हा कार्यालयात निदान दोनतीन फेऱ्या. माहितीच्या अधिकाराचा अर्ज, दहा रुपये. मिळालेल्या कागदांच्या प्रती, प्रत्येक पानास दोन रुपये. खर्च म्हणून हे फार नाही. पण प्रत्येक फेरीचा एक रोज बुडतो, आणि रोजावर काम करणाऱ्या माणसाला तो परवडत नाही. मग हा लेख लिहितो कोण? पगार चालू असलेला शिक्षक, निवृत्त बँक कर्मचारी, नाहीतर मुंबईहून दोन दिवसांसाठी येणारा वार्ताहर. पहिल्या दोघांविषयी आम्हाला आदर आहे. आपली नियतकालिके त्यांनीच जगविली. परंतु ज्या साहित्यात कंत्राटी कामगार, मासळीची पाटी डोक्यावर घेणारी बाई आणि विस्थापित कुटुंब केवळ विषय म्हणून येतात, लेखक म्हणून कधीच येत नाहीत, त्या साहित्याची दृष्टी अपुरी राहणार. आपल्या अंकांत स्मरणलेख, प्रवासवर्णने आणि चिंतने यांची जी रेलचेल दिसते, तिचे कारण रुचीइतकेच अर्थकारणही आहे : घरी बसून, खर्चावाचून लिहिता येणारे हे प्रकार आहेत.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला सेवाभावाचा. त्याला संत पौलाचेच उत्तर आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात सुवार्तेच्या सेवकाला उपजीविकेचा हक्क आहे, असे तो आग्रहाने मांडतो आणि मग, आपण तो हक्क बजावला नाही, असे सांगतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. हक्क आधी मान्य झाला, म्हणून त्यागाला अर्थ आला. ज्याला मागण्याची सोयच नाही, त्याच्या न मागण्याला त्याग म्हणता येत नाही. पौल स्वतः तंबू तयार करून पोट भरीत होता, हेही विसरू नये.

दुसरा आक्षेप गरिबीचा : लहान त्रैमासिकाने द्यावयाचे कोठून? शिकागोत १९१२ मध्ये हॅरिएट मन्रो यांनी 'पोएट्री' हे केवळ कवितेचे मासिक काढले. चित्रकाराला आणि शिल्पकाराला पैसे मिळतात, मग कवीलाच का नाहीत, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी शहरातील शंभर आश्रयदाते गाठले, प्रत्येकाकडून पाच वर्षे दरसाल पन्नास डॉलरचे वचन घेतले आणि आरंभापासून कवींना मोबदला दिला. आपला हिशेब त्याहून लहान आहे. समजा, एखाद्या त्रैमासिकाचे एक हजार वर्गणीदार आहेत. प्रत्येकाने वर्षाला केवळ दहा रुपये अधिक दिले तर दहा हजार होतात. म्हणजे दर अंकास अडीच हजार, पाच लेखकांना पाचशे प्रत्येकी. या रकमेवर कोणाचा संसार चालणार नाही. पण एका लेखकाचा बुडालेला एखादा रोज भरून निघेल, आणि पैसे मोजलेल्या लेखाकडून संपादकालाही अधिक मागता येईल : हा परिच्छेद पुन्हा लिहा, हा आकडा तपासा, त्या बाईंना पुन्हा भेटून या. फुकट आलेल्या लेखाला संपादक हात लावण्यास संकोचतो, आणि मग त्यातल्या चुका तशाच छापल्या जातात.

पैसा दिला की वाङ्मय श्रेष्ठ होते, असा आमचा दावा नाही. तसे असते तर दरवर्षीचे सगळे जाड दिवाळी अंक संग्रहणीय ठरले असते. पानांच्या हिशेबाने मोबदला मिळू लागला की लेख लांबतात, हेही खरे आहे. आमचे म्हणणे मर्यादित आहे. समीक्षकाने एखाद्या काळाचे साहित्य तोलताना लिहिलेल्या पानांबरोबर न लिहिल्या गेलेल्या पानांचाही विचार करावा. आणि आपल्यासारख्या नियतकालिकांनी मानधनाचा नियम, तो कितीही लहान असो, अंकाच्या पहिल्या पानावर उघडपणे छापावा. 'देता येत नाही' हेही छापावे. त्यात कमीपणा नाही. त्याऐवजी तीन महिन्यांत उत्तर, अंकाच्या दोन प्रती आणि लेखकाकडेच राहणारे हक्क, एवढे तरी कोणत्याही संपादकाला देता येईल.

धर्मग्रामातील कुटुंबांकडे आमचे मागणे याहून साधे आहे. घरातला मुलगा किंवा मुलगी लिहू लागली, तर 'यात पैसे किती मिळतात' असे विचारून तिला गप्प करू नका, आणि 'पैशाचे काय, नाव तर झाले' असे म्हणून तिची समजूतही घालू नका. पहिल्या वाक्याने लेखन थांबते. दुसऱ्याने ते हौसेपुरते उरते. किनाऱ्यावरची ही गावे हौसेपुरत्या लेखनात मावणारी नाहीत.