कुलवृत्तांत आणि आडनावाचे गाव

कुलवृत्तांत हा मराठीतला स्वतंत्र ग्रंथप्रकार आहे. पण त्याची समीक्षा सहसा होत नाही. घरच्यांनी वर्गणी काढून छापलेले पुस्तक, त्याला नावे काय ठेवायची, असा संकोच त्यामागे असावा. मला हा प्रकार मोलाचा वाटतो, म्हणूनच सीमाभागातल्या घराण्यांचे वृत्तांत वाचताना जाणवलेली एक उणीव मांडतो.

मांडणी ठरलेली असते. गोत्र, प्रवर, कुलदैवत, मूळ गाव, मूळपुरुष, मग घडीचा वंशवृक्ष. आडनावाचा उगम दोन ओळींत संपतो: अमुक गावचे म्हणून अमुककर. खरे तर प्रश्न तिथूनच सुरू व्हावा. गावात राहणाऱ्याला गाववाले त्याच गावाच्या नावाने कशाला ओळखतील? ‘कर’ बहुधा गाव सोडल्यावर लागतो, आणि तो नव्या गावचे लोक लावतात. म्हणजे हे आडनाव स्थलांतराची खूण आहे, रक्ताचा दाखला नव्हे. एकाच आडनावाच्या दोन घरांची गोत्रे वेगळी निघतात ती यामुळेच. हुद्द्यांवरून पडलेल्या आडनावांचेही तेच. नाना फडणविसांचे मूळ आडनाव भानू, पेशव्यांचे भट. पाटील तर मराठा, जैन, लिंगायत अशा सर्वांत सापडतात.

आपल्याकडे या प्रश्नाला भाषेचीही बाजू आहे. कानडीत गावाचे नाव जसेच्या तसे आडनाव होते, मराठीत त्याला ‘कर’ जोडतात. गायिका गंगूबाई हनगल आणि ‘माणूस’ (१९३९) चित्रपटातल्या शांता हुबळीकर, दोघींच्या नावात धारवाडकडचे गाव आहे; घडण तेवढी दोन भाषांची. नाडगौडा, नाडकर्णी यांतला ‘नाड’ म्हणजे कानडीतला प्रांत. कुलस्वामिनी म्हणून बदामीची बनशंकरी किंवा सौंदत्तीची यल्लम्मा नोंदवणारा वृत्तांतकार, ती देवी आपल्या देव्हाऱ्यात कशी आली, हे मात्र विचारीत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आडनाव हा जणू भाषिक हक्काचा पुरावा झाला. त्यामुळे असे प्रश्न अडचणीचे वाटू लागले असावेत. सीमाभागाच्या मागणीविषयी माझ्या मनात किंतु नाही. पण तिच्यासाठी घराण्याचा इतिहास एकभाषी करण्याची गरज नाही.

साधनांतही अशीच निवड दिसते. तीर्थोपाध्यायांच्या वह्या आवर्जून पाहिल्या जातात. शेतकरी घराण्यांच्या पिढ्या सांगत गावोगाव फिरणाऱ्या हेळव्यांना मात्र कोणी विचारीत नाही. त्यांच्या वह्या दोन्ही भाषांच्या गावांतून फिरलेल्या आहेत.

सर्वांत मोठी गाळणूक स्त्रियांची. लेक ‘अमुकांस दिली’ एवढ्यावर संपते, आणि सुनेचे माहेरचे नाव लग्नातच पुसलेले असते. कानडी माहेराहून आलेल्या आजीने घरात भाषा आणली, सणांतले पदार्थ आणले, मुलांची नावे ठेवली; वंशवृक्षात ती ‘भार्या’ या रकान्यात नव्या नावाने उभी असते. आडनाव बापाकडून येते हे खरे, पण दुभाषी घर त्या आजीने घडवले, आणि वृत्तांत त्याच घराविषयी लिहिलेला असतो.

ज्या घराण्यांत पुढची आवृत्ती निघत असेल त्यांना माझी विनंती आहे. प्रत्येक सुनेचे माहेर, तिचे पहिले नाव आणि तिची घरची भाषा विचारून घ्यावी. सांगणाऱ्या म्हाताऱ्या आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.