लाल की निळा?

अण्णाभाऊ साठ्यांवर लिहायला बसलं की आपले समीक्षक आधी रंग विचारतात. लाल की निळा? मित्रांनो, मला हा प्रश्नच फसवा वाटतो.

वाटेगाव, तेव्हा सातारा जिल्हा, आता सांगली. तिथलं मांगाचं पोर मुंबईत येऊन गिरणीत राबलं, १९४४ साली अमर शेख-गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं केलं. आणि १९५९ साली ‘फकिरा’ अर्पण केली बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला. यात घोटाळा कसला? साचेखात्यात बघा. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्याला तिथं घेत नसत. विटाळ पाळायचा तो बाजूच्या साच्यावरचा कामगारच! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हे युनियनपुढं मांडलं.

अमेरिकेत फिलिप रँडॉल्फनी १९२५ साली पुलमन रेल्वेडब्यांतल्या काळ्या पोर्टरांची युनियन बांधली. कंपनीशी करार व्हायला १२ वर्षं गेली. काळ्यांना दार लावणाऱ्या गोऱ्या युनियनांशीही ते भांडले, तेही त्यांच्याच महासंघात बसून.

फकिरा भुकेल्या वस्तीसाठी धान्य लुटतो. ती भूक वर्गाची किती नि जातीची किती, समीक्षकांनी जरा मापून दाखवावी.