वरचा मजला, खालचा मजला

अमेरिकेतल्या नोकरदार स्त्रीवर लिहिलेली पुस्तके आता ढिगाने झाली आहेत. त्यांतली काही आकड्यांत बुडालेली असतात, काही त्राग्याने भरलेली. आर्ली होकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंचे, अ‍ॅन माचुंग यांच्या साहाय्याने लिहिलेले 'द सेकंड शिफ्ट' हे १९८९ सालचे पुस्तक या दोन्ही दोषांतून बरेचसे सुटले आहे. कचेरीतली पहिली शिफ्ट आटोपून बाई घरी येते आणि चुलीपाशी दुसरी सुरू होते, एवढाच त्याचा विषय. पण तो मांडताना बाई माणसांच्या घरांत जाऊन बसल्या आहेत.

बाहेरची प्रगती खोटी होती असे नव्हे. १९५० साली अमेरिकेत शंभर प्रौढ स्त्रियांमागे सुमारे ३४ जणी नोकरीत किंवा नोकरीच्या शोधात होत्या. १९९९ साली हा आकडा ६० वर गेला. १९६३ साली समान वेतनाचा कायदा झाला, पुढच्याच वर्षी नोकरीत स्त्री म्हणून भेदभाव करण्यास बंदी आली. कायदे कारखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचले. घराच्या उंबऱ्याचे काय, हा प्रश्न या पुस्तकाने विचारला.

पुस्तकाचा प्राण म्हणजे नॅन्सी आणि इव्हान होल्ट यांचे प्रकरण. (नावे अर्थात बदललेली.) दोघेही नोकरी करणारी, घरात लहानगा जोई. कामाची वाटणी निम्मेनिम असावी हा नॅन्सीचा हट्ट. इव्हान हो म्हणतो आणि विसरतो. भांडण संसार मोडण्यापर्यंत जाते, आणि मग तोडगा निघतो: वरचा मजला तिचा, खालचा त्याचा! वरच्या मजल्यावर दिवाणखाना, स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या, न्हाणीघरे, खाली गॅरेज. शिवाय कुत्रा इव्हानकडे. ही वाटणी समसमान आहे असे नॅन्सी पुढे मनापासून सांगू लागते. बाई तिला खोटारडी म्हणत नाहीत. संसार टिकावा म्हणून घराने मिळून रचलेली ही एक कथा आहे, असे त्या समजुतीने सांगतात. एखाद्या कसलेल्या कथालेखकाला हेवा वाटावा असे हे प्रकरण उतरले आहे. आम्ही ते घरात मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा चकलीचा सोऱ्या फिरवणारा हात क्षणभर थांबला. आम्ही घाईने पान उलटले.

कार्मेन डेलाकोर्टची गंमत वेगळी. ती जुन्या वळणाची, नवऱ्याला घरचा मालक मानणारी. पण भात आपल्याला नीट जमतच नाही असे सोंग घेऊन ती फ्रँककडून तो शिजवून घेते! बरोबरीच्या तत्त्वावर वाद घालणाऱ्या नॅन्सीला जे साधले नाही, ते या अडाणीपणाच्या नाटकाने साधते. बाई यावर हसतात, पण आपल्याला ते हसू पुरते येत नाही.

आता दोष. स्त्रिया पुरुषांपेक्षा वर्षाकाठी चोवीस तासांच्या दिवसांचा एक अख्खा महिना अधिक राबतात, हे या पुस्तकातले वाक्य जगभर गाजले. पण तो हिशेब १९६० ते १९७० च्या दशकांतल्या पाहण्यांवरून काढलेला आहे. तो आजचा म्हणून फिरवणे गैर. याहून मोठी तक्रार निराळी आहे. अखेरीस नॅन्सीने आपली नोकरी अर्ध्या वेळेवर आणली. म्हणजे तडजोडीची किंमत तिच्या पगारातून कापली गेली. बाई हे सारे भावनेच्या खात्यात मांडतात, पगाराच्या वहीपाशी फारशा रेंगाळत नाहीत. सरकारने आणि मालकांनी काय करावे हे त्या शेवटी सांगतात खरे, पण होल्टांच्या घरात जी लेखणी जिवंत होती ती तेथे कोरडी पडते. पुस्तकानंतर चार वर्षांनी, १९९३ साली, अमेरिकेत बाळंतपणासाठी आणि आजारपणासाठी रजेचा देशव्यापी कायदा आला: १२ आठवडे, बिनपगारी, आणि खाजगी नोकरीत ५० किंवा अधिक माणसे कामावर ठेवणाऱ्या मालकांपुरताच.

या बाई स्वतः बर्कलेच्या विद्यापीठात शिकवत असताना आपले तान्हे मूल कचेरीत घेऊन येत. प्रारंभीच त्यांनी ते सांगितले आहे. विद्यार्थी दाराशी ताटकळलेला आणि मूल रडते आहे, ही ती पाने होल्टांच्या आधी वाचावीत.