शंभर रुपयांची कपात

अधिवेशनात राज्याचे अर्थमंत्री सभागृहाच्या पटलावर एक जाडजूड पुस्तिका ठेवतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तिच्यातला एकच आकडा छापून येतो. ९ जुलै २०२४ रोजी तो ९४,८८९ कोटी रुपये होता, तर ३० जून २०२५ रोजी ५७,५०९ कोटी ७१ लाख. आपल्याकडे, म्हणजे ठाणे-डोंबिवलीच्या पुरवण्यांत, फार तर एखादी चौकट असते: अमुक पुलाला इतके, तमुक रुग्णालयाला तितके. तेवढे वाचून लोक पान उलटतात.

मला ही पुस्तिका, म्हणजे पुरवणी मागण्यांचे विवरणपत्र, एक साहित्यकृती म्हणून वाचावीशी वाटते आणि ती तशी वाचता येते. सरकारी मराठीवर आपण सगळेच नाराज असतो, पण या पुस्तिकेतल्या गद्याला एक शिस्त आहे. इथे सरकार आज्ञा देत नाही, ते मागत असते. ज्याला मागायचे असते त्याला कारण सांगावे लागते. म्हणून प्रत्येक रकमेखाली चार-सहा ओळींचे स्पष्टीकरण येते. अर्थसंकल्पात मूळ तरतूद किती होती, खर्च का वाढला, वाढीतला किती भाग त्याच मागणीतल्या बचतीतून भागेल आणि उरलेल्यासाठी सभागृहापुढे किती रकमेची मागणी आहे, हा क्रम ठरलेला असतो. विशेषणे जवळजवळ नसतात. एरवी ज्या खात्याच्या जाहिरातीत ‘ऐतिहासिक’ शिवाय शब्द नसतो, तेच खाते इथे ‘तरतूद अपुरी पडली’ असे साधेपणाने लिहिते.

पुस्तिका वाचायची तर आधी तिची अक्षरे ओळखीची व्हायला हवीत. मागणी क्रमांकातले पहिले अक्षर खात्याचे असते. बी म्हणजे गृह, एफ म्हणजे नगरविकास, एच म्हणजे सार्वजनिक बांधकाम, आर म्हणजे सार्वजनिक आरोग्य, एक्स म्हणजे महिला व बालविकास. त्याखाली चार आकडी लेखाशीर्ष येते आणि खरी गंमत इथेच सुरू होते. २२१७ म्हणजे नगरविकासावरचा महसुली खर्च, ४२१७ म्हणजे त्याच विषयावरचा भांडवली खर्च आणि ६२१७ म्हणजे त्याच कामासाठी दिलेले कर्ज. पुढचे तीन आकडे तेच राहतात, फक्त पहिला बदलतो आणि पैशाचा स्वभावच बदलून जातो. दोनने सुरू होणारा पैसा खर्चून संपतो, चारने सुरू होणारा पूल किंवा इमारत होऊन उभा राहतो, सहाने सुरू होणारा परत यायचा असतो. मुरबाड-शहापूरकडच्या कार्यकर्त्यांना हे कुणी शिकवावे लागत नाही. ‘रस्ता तीस चोपन्नमध्ये आहे की पन्नास चोपन्नमध्ये?’ असे ते सहज विचारतात, कारण रस्त्यांच्या बाबतीत दोनचे काम तीन करतो आणि चारचे पाच: ३०५४ मध्ये रस्त्याची देखभाल होते आणि ५०५४ मध्ये रस्ता बांधला जातो. हे आकडे इथल्या बोलीत केव्हाच मुरले आहेत.

या पुस्तिकेतला मला सर्वांत आवडणारा भाग मात्र मोठ्या रकमांचा नाही. तो एक हजार रुपयांच्या मागणीचा आहे. पाने चाळताना कोट्यवधींच्या ओळींमध्ये अचानक एक हजार रुपये दिसतात आणि नवख्या वाचकाला ती छपाईची चूक वाटते. ती चूक नसते. रकमा हजारांत मांडलेल्या असतात, म्हणून ही सर्वांत लहान शक्य मागणी असते. तिला लाक्षणिक मागणी म्हणतात. खात्याकडे दुसऱ्या बाबींवर वाचलेला पैसा असतो, पण तो एखाद्या अगदी नव्या कामावर घालायचा तर सभागृहाची संमती लागते. संविधानाच्या अनुच्छेद २०५ मध्ये पुरवणी मागणीची कारणे दिली आहेत. मंजूर रक्कम अपुरी पडणे हे एक कारण आहे, आणि वार्षिक अर्थसंकल्पात विचारातच न घेतलेली नवी सेवा उद्भवणे हे दुसरे. पैसा हाताशी आहे, तरी नव्या हेतूसाठी विचारायचे आणि त्या विचारण्याची खूण म्हणून हजार रुपये मागायचे, असा हा व्यवहार. लोकशाहीची इतकी सभ्य चाल मला क्वचितच कुठे दिसली आहे. रक्कम जितकी लहान, तितके तत्त्व स्वच्छ दिसते.

आता एका मोठ्या ओळीकडे वळू, कारण ती थेट आपल्या घरात शिरते. जून २०२५ च्या मागण्यांत मेट्रो प्रकल्प, महापालिका आणि नगरपालिका यांना मुद्रांक शुल्कावरील अधिभाराचा परतावा म्हणून ३,२२८ कोटी रुपये मागितले होते. ठाण्यात किंवा डोंबिवलीत घर घेणारा माणूस दस्त नोंदवताना मुद्रांक शुल्कासोबत महापालिकेच्या वाट्याचा एक टक्का अधिभार भरतो. त्याला वाटते, पैसे महापालिकेला गेले. तसे होत नाही. ते राज्याच्या एकत्रित निधीत जातात आणि तिथून एक रुपयाही सभागृहाच्या मताशिवाय बाहेर पडत नाही. म्हणजे डोंबिवलीच्या टिळकनगरात भरलेला तो टक्का मुंबईला, नाहीतर डिसेंबरात नागपूरला जाऊन, २८८ आमदारांच्या ‘होय’मधून वाट काढत परत कल्याणच्या शंकरराव चौकातल्या महापालिका मुख्यालयात येतो. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांचा एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, गेला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि महापालिकांचे स्वतःचे मोठे उत्पन्न आटले. तेव्हापासून ही ओळ आणि जीएसटी भरपाईची ओळ या दोन्ही आपल्या शहरांसाठी जिव्हाळ्याच्या झाल्या आहेत. गटार तुंबले म्हणून आपण प्रभाग कार्यालयावर जातो ते योग्यच आहे, पण त्या कार्यालयाच्या तिजोरीचे एक दार या पुस्तिकेत आहे.

पुस्तिकेच्या सुरुवातीचा गोषवाराही नीट पाहावा. जून २०२५ च्या ५७,५०९ कोटींची तिथे तीन भागांत फोड होती: अनिवार्य खर्च १९,१८३ कोटी ८५ लाख, कार्यक्रमांवरचा खर्च ३४,६६१ कोटी ३४ लाख आणि केंद्र पुरस्कृत योजनांसाठी ३,६६४ कोटी ५२ लाख. प्रत्यक्ष निव्वळ भार मात्र सुमारे ४०,६४४ कोटींचाच होता. मथळ्यात मोठा आकडा येतो आणि खरा आकडा या एका वाक्यात बसलेला असतो. ज्याला पुस्तिका वाचता येते तो आधी हे वाक्य शोधतो.

मागणी झाली, की उत्तराची पाळी आमदारांची. इथे या व्यवहाराला खरी धार येते. अनुच्छेद २०३ सभागृहाला तीनच गोष्टी करू देतो: मागणीला संमती देणे, ती नाकारणे, किंवा रक्कम कमी करून संमती देणे. वाढवण्याचा अधिकार नाही. राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मागणीच करता येत नाही, मग आमदाराने आपल्या गावासाठी रक्कम वाढवून मागणे दूरच. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सदस्य पुरवणी खर्चाच्या विधेयकाला स्वतःच्या शहरासाठी रक्कम जोडणारी दुरुस्ती सुचवू शकतो. तिथले राज्यपाल एकेक ओळ खोडू शकतात आणि दोन्ही सभागृहे दोन-तृतीयांश मतांनी ती खोडलेली ओळ परत आणू शकतात. आपल्या आमदाराच्या हाती असे काही नाही. त्याच्याकडे फक्त कात्री आहे.

त्या कात्रीचे नाव कपात सूचना. धोरणच अमान्य असेल तर मागणी एका रुपयावर आणा असे सांगता येते. उधळपट्टी दिसत असेल तर ठरावीक रक्कम कापा असे म्हणता येते. आणि एखादी तक्रार नोंदवायची असेल तर मागणी शंभर रुपयांनी कमी करावी, अशी सूचना देतात. ही तिसरी, लाक्षणिक कपात मला फार मोलाची वाटते. समजा, कळव्याच्या रुग्णालयात खाटा कमी पडतात, किंवा कल्याण-शीळ रस्त्याचे एखादे काम वर्षानुवर्षे रखडले आहे. आमदार संबंधित खात्याच्या हजारो कोटींच्या मागणीतून शंभर रुपये कापायला सांगतो आणि त्या शंभर रुपयांच्या टाचणीला आपला प्रश्न लावतो. शंभर रुपयांनी सरकारचे काही बिघडत नाही. पण ते कापले गेले, तर सभागृहाचा सरकारवर विश्वास उरला नाही असा त्याचा अर्थ होतो. म्हणून सत्ताधारी बाक दक्ष राहतात आणि बहुतेक सूचना मागे घेतल्या जातात किंवा फेटाळल्या जातात. तरीही विषय बोलला जातो, कामकाजात नोंदवला जातो. हजार रुपयांची मागणी आणि शंभर रुपयांची कपात समोरासमोर ठेवून पाहिली, म्हणजे या रचनेतली समतोल बांधणी लक्षात येते. दोन्ही बाजू अगदी लहान नाण्यांत सर्वांत मोठी गोष्ट बोलत असतात.

मग मतदान. अध्यक्ष मागण्या मतास टाकतात. अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे. ‘होय’चे बहुमत, मागण्या संमत. प्रेक्षक सज्जात बसलेल्याला हे इतक्या भरभर ऐकू येते की कोणते खाते संपले आणि कोणते सुरू झाले ते कळत नाही. वेळ संपत आली की उरलेल्या सगळ्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना एकदम मतास जातात. माझी खरी तक्रार इथे आहे. ज्या मजकुरावर इतकी मेहनत घेतलेली असते, त्याला वाचक मिळायच्या आत तो संमत होतो.

मागण्या संमत झाल्या की त्यांचे विधेयक होते, विनियोजन विधेयक. ते तीन छोट्या कलमांचे आणि एका लांब अनुसूचीचे असते. कलमे इतकेच सांगतात की एकत्रित निधीतून इतकी रक्कम काढता येईल आणि ती अनुसूचीतल्या सेवांसाठीच वापरता येईल. अनुसूचीत दोन रकाने शेजारी असतात: सभागृहाने मत देऊन मंजूर केलेला दत्तमत खर्च आणि ज्यावर चर्चा होते पण मत होत नाही तो भारित खर्च, जसे कर्जावरचे व्याज, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन. या विधेयकाला रक्कम बदलणारी किंवा तिचे प्रयोजन बदलणारी दुरुस्ती मांडताच येत नाही. अनुच्छेद २०४ मध्ये तशी मनाई आहे. काय बदलायचे ते आधी, मागणीच्या पायरीवर.

१९३५ च्या भारत सरकार कायद्यात ही अनुसूची गव्हर्नरच्या सहीने प्रमाणित होत असे. संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी ती पद्धत बदलून तिच्या जागी विधिमंडळाचा कायदा आणला आणि १९४९ च्या जूनमध्ये त्यामागची भूमिका सभेला समजावून सांगितली. एका माणसाच्या सहीऐवजी निवडून आलेल्यांचे मत. आज या अनुसूचीचे रुक्ष रकाने पाहताना हा बदल आठवला की त्यांच्याकडे पाहण्याची नजर बदलते. विधेयक पुढे विधान परिषदेत जाते. ते धन विधेयक असल्याने परिषदेला शिफारशी करता येतात, अडवता येत नाही, आणि १४ दिवसांत परत करावेच लागते.

सभागृहात रक्कम वाढवण्याचा अधिकार नसल्याने एक गोष्ट अपरिहार्यपणे होते. आमदाराची खरी दुरुस्ती पुस्तिका छापण्याआधी, पत्रांतून आणि मंत्र्यांच्या दालनातून होते. ‘बजेटला लागलं नाही, पुरवणीला लावून घेऊ’ हे वाक्य ठाणे जिल्ह्यातल्या अठरा मतदारसंघांत कुणीही ऐकले असेल. त्यात वाईट काही नाही, पण ती दुरुस्ती कुठे लिहिलेली नसते, आणि जे लिहिलेले नाही ते नागरिकाला तपासता येत नाही.

आणखी एक बोलायलाच हवे. २०२४ चा अतिरिक्त अर्थसंकल्प २८ जूनला मांडला गेला आणि तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अकराच दिवसांनी ९४,८८९ कोटींच्या मागण्या आणल्या. त्यांत एकट्या महिला व बालविकास खात्यासाठी २६,२७३ कोटी होते, मुख्यतः लाडकी बहीण योजनेचे २५,००० कोटी, आणि नगरविकासासाठी १४,५९५ कोटी. योजनेचे बरेवाईट हा वेगळा विषय आहे. पण पुरवणी ही मूळ ग्रंथाला जोडलेली असावी. मूळ ग्रंथाची शाई वाळायच्या आत इतकी मोठी पुरवणी आली, तर दोन्हींचा अर्थ सैल होतो. ज्याला या लेखनप्रकाराविषयी आदर आहे त्याला याचे वाईट वाटते.

या मजकुराचे शेवटचे प्रकरण नंतर येते. खर्च झाल्यावर भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक हीच पुस्तिका उलट्या बाजूने वाचतात: कुठे पुरवणी घेतली आणि मूळ तरतूदही पुरती खर्च झाली नाही, कुठे मंजुरीपेक्षा जास्त खर्च झाला. जास्तीचा खर्च लोकलेखा समितीपुढे जातो आणि अनुच्छेद २०५ खालीच अधिक खर्चाच्या मागण्या म्हणून पुन्हा सभागृहात येतो. त्या आधीच झालेल्या खर्चासाठी असतात, तरी त्यांच्यावरही मत घ्यावे लागते आणि त्यांचेही विनियोजन विधेयक निघते. वित्त विभाग या पुस्तिका संकेतस्थळावर ठेवतो. कल्याण-डोंबिवलीच्या एखाद्या नागरिक मंचाने पुढच्या अधिवेशनात एफ आणि एच या दोन अक्षरांची पाने उतरवून घ्यावीत, त्यांतली आपल्या भागातली कामे वेगळी काढावीत आणि चर्चेच्या दिवसाआधी ती यादी आपल्या आमदाराच्या हाती द्यावी. शंभर रुपयांची एक सूचना लिहायला त्याला एवढा मजकूर पुरतो.