मूर्त माहिती-अभिकल्प

मूर्त माहिती-अभिकल्प : माहिती पडद्यावर वा कागदावर न मांडता नित्य वापरातील वस्तूंचे आकार, स्थान, गती, रंग इ. गुणधर्मांतून प्रकट करणारी अभिकल्पाची शाखा. तिचे तत्त्व प्राचीन आहे. घटिकापात्र पाण्यात बुडते, तेव्हा २४ मिनिटांची एक घटिका भरते. तेथे मापन व दर्शन ही एकच क्रिया असते. इंका राज्यात किपू नामक दोऱ्यांवरील गाठींचे प्रकार व स्थान यांवरून दशमान पद्धतीने संख्या वाचीत. संगणकीय माहितीला मात्र असा अंगभूत देह नसतो; तो अभिकल्पकास द्यावा लागतो. या शाखेतील कृतींची खरी कसोटी येथेच लागते.

ड्यूरेल बिशप यांनी १९९२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये कल्पिलेले गोट्यांचे संदेशयंत्र या कसोटीस सर्वाधिक उतरते. दूरध्वनीवरील प्रत्येक संदेशागणिक यंत्रातून एक गोटी बाहेर येते. ती खळग्यात ठेवली असता संदेश ऐकू येतो. दूरध्वनीवर ठेवली असता संदेश देणाऱ्याशी संपर्क जोडला जातो. संदेश किती व कोणत्या क्रमाने आले, हे गोट्यांच्या रांगेवरूनच उमगते. तथापि गोटी ज्याच्या हाती पडेल त्यास संदेश ऐकता येतो, हा दोष मूर्ततेतूनच उद्‌भवतो.

नॅटली जेरेमिजेन्को यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात छताला टांगलेली सु. २·४ मी. लांबीची प्लॅस्टिकची दोरी संगणकजालातील वाहतुकीनुसार थरथरे वा गरगर फिरे. काम करताकरता वाहतुकीचा अंदाज यावा, हा तिचा गुण. ती वाहतूक कोणाची व कशासाठी हे न कळणे, ही तिची मर्यादा. हिरोशी इशी व ब्रिग उल्मर यांनी १९९७ मध्ये या दोन्ही कृतींची दखल घेऊन मूर्त संगणनाची तात्त्विक मांडणी केली.

‘अँबियंट ऑर्ब’ (२००२) या काचेच्या दीपगोलात रोखेबाजाराची चढ हिरव्या व उतार तांबड्या रंगाने दाखविली जाई. तोच गोल हवामानासाठीही वापरता येई. संकेत विसरताच उरे तो केवळ शोभेचा दिवा. गोटीचा अर्थ तिच्या वापरात असतो, तर दीपगोलाचा बाहेरील संकेतात. म्हणून माहितीस केवळ वस्तूचे रूप दिल्याने ती मूर्त होत नाही. वस्तू हाताळण्याची वा पाहण्याची रीतच माहितीशी सुसंगत असावी लागते.